डॉक्टर पेटवे यांचा पिवळा गुलाब

पुरुष जन्माला येतो. मर्द मात्र प्रक्षेपित करावा लागतो. आम्हा काळ्या पुरुषांच्या बाबतीत ही जबाबदारी मेम्फिसच्या एका टीव्ही वाहिनीने स्वखुशीने उचलली आहे, तीही विनामूल्य. त्यामुळे आमचा आरशाचा खर्च वाचतो.

माझा शेजारी डॉक्टर एझेल पेटवे लोकांचे दात काढतो आणि गुलाब लावतो. उंची सहा फूट चार इंच (दोन्ही कामांना अनावश्यक). पहाटे वाफ्यात ओणवा होऊन तो कळ्यांना अंगाई म्हणतो. इतक्या हळू, की पानावरचं दवसुद्धा जागं होऊ नये. यंदा शहराच्या स्पर्धेत त्याच्या पिवळ्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, ओडेसाने, वर्गात सांगितलं, "माझा बाबा फुलांना गाणं म्हणतो." वर्ग हसला. वाहिनीवाले येणार हे कळल्यावर ती म्हणाली, "आता बघालच सगळे."

वाहिनीच्या व्हिटलोबाई आल्या. प्रेमळ बाई. त्यांनी अख्खी अंगाई ऐकली, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "सुंदर. आता हसू नका. कात्री जरा वर धरा. लहानपणी फार सोसलंत ना?"

"पियानोचा क्लास," एझेल म्हणाला. "दर शनिवारी."

(हा भाग वगळण्यात आला.)

प्रक्षेपण आम्ही क्लीओफसच्या सलूनमध्ये पाहिलं. तिकडे शाळेत ओडेसाच्या बाईंनी वर्गाला दाखवलं. अंधार, धुकं, ढोल. कात्रीचं पातं अकरा सेकंद, एझेलचे दंड नऊ, गुलाब दोन. अंगाई शून्य, कारण प्रेक्षकांना ती पटणार नाही असं वाहिनीचं संशोधन सांगतं (आधार: वाहिनीचेच जुने कार्यक्रम). खाली अक्षरं झळकली, 'अंधाऱ्या गल्लीतून गुलाबापर्यंत'. गल्लीत अंधार आहे हे खरं. दिव्याची तक्रार एझेलनेच केली आहे.

क्लीओफसने वस्तरा थांबवला. "डॉक्टर, माझी दाढ दुखत होती ना, ती आता नाही दुखत. अगदी नाही."

"गप रे," एझेल म्हणाला. पण हसला नाही. वाहिनीला हवा होता तो चेहरा आत्ता आयता मिळाला असता.

संध्याकाळी ओडेसा पाठीवरचं दप्तर न काढताच पायरीवर बसली. "बाबा, मुलं विचारतायत, त्या गुलाबाने तुझं काय बिघडवलं होतं?"

दुसऱ्या सकाळी मी एझेलला माझ्या गाडीतून शाळेत नेलं. चेहरा गंभीर. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आत काहीतरी लांबट दडवलेलं, त्यावर एक हात घट्ट. फाटकावरच्या रखवालदाराने हाक मारली; एझेल थांबला नाही. वर्गाचं दार त्याने खांद्याने ढकललं आणि कोटात हात घातला.

फांदी होती. ऑक्टोबरातली शेवटची कळी, गारठू नये म्हणून उराशी धरून आणलेली. ती त्याने ओडेसाच्या बाकावर ठेवली, गुडघे टेकले आणि गायला लागला.

रखवालदार धापा टाकत आला आणि दारातच थबकला. त्याला एकट्याला बोल लावू नका. त्याच्या मागोमाग धावत आलेल्यांत, वाचकहो, तुम्हीही होतात.