तिसऱ्या खेळीला दाणा

नाना खर्डे पत्ते खेळायला बसायच्या आधी हवा बघतात. हवा म्हणजे अगदी खरीखुरी हवा. ओट्यावर येतात, आभाळाकडं मान करतात, एक पत्ता दोन बोटांत धरून गालाला लावतात आणि जाहीर करतात, "आज दमट हाय. पत्ता फुगलाय. पिसाई नीट व्हायची न्हाई." मग ते साठ पत्ते स्टीलच्या डब्यात जातात. डब्यात तांदळाची पुरचुंडी, वर घट्ट झाकण. आमच्या बेलापुरात लोक मिठालासुद्धा इतकं जपत नाहीत.

पत्ते म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आले ते नव्हेत. राजा-राणी नाही, रमी नाही. हे परदेशी, रंगीत पत्ते. वर राक्षस, किल्ले, विजा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी. हजारो प्रकारचे मिळतात. त्यातून ज्यानं त्यानं आपले साठ निवडायचे, त्याला डेक म्हणतात, आणि दुसऱ्याच्या डेकशी लढायचं. दोघांना वीस-वीस जीव. ज्याचे आधी संपले तो हरला. कॉलेजातली पोरं खेळतात हो हे. नानांचं वय सहासष्ट.

मी सुमन, नानांची शेजारीण. दोन घरांत एकच भिंत आहे. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि गेली दोन वर्षं रोज दुपारी चार वाजता नानांकडून हरते. माझी इच्छा कुणी विचारली नव्हती. एक दिवस नाना भिंतीवरून म्हणाले, "ताई, तुमची बोटं चालतात. या जरा." गेले तर माझ्यासाठी साठ पत्ते तयार. म्हटलं, "नाना, मला यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणाले, "कळायची गरज न्हाई. तुमी ऊस, मी कारखाना."

आता हे बोलणं समजायचं तर नानांचं पूर्वायुष्य सांगायला हवं. नाना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. पस्तीस वर्षं रस तपासला. निवृत्त झाले, पण कारखाना डोक्यातून काही गेला नाही. पत्त्यांवरची इंग्रजी नावं त्यांनी एका आठवड्यात मोडीत काढली. ज्या पत्त्यानं हातात आणखी पत्ते येतात ती "गव्हाण", कारण कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो. ज्यानं ताकद मिळते तो "बॉयलर". वापरून झालेल्या पत्त्यांचा ढीग म्हणजे "चिपाड". आणि शेवटचा जो पत्ता त्या चिपाडाच्या जोरावर समोरच्याचे वीसच्या वीस जीव एका दमात घेतो, तो "दाणा". पाकातून साखरेचा दाणा पडतो ना, तो. तो पडला की नाना मांडीवर थाप मारून ओरडायचे, "दाणा पडला!" माझं मांजर दोन वर्षांत या आवाजाला सरावलं नाही.

गव्हाण, बॉयलर, दाणा, हे तिन्ही तिसऱ्या खेळीपर्यंत हातात आले पाहिजेत, हा नानांचा ध्यास. शंभर डाव खेळले तर किती डावांत तिसऱ्या खेळीला दाणा पडतो, त्याला ते "उतारा" म्हणत. शंभर किलो उसातून साखर किती निघते, तसा. फुलस्केप वहीत तक्ते. सकाळी मी रांगोळी काढत असले की भिंतीवरून आवाज, "ताई, उतारा एक्केचाळीस!" माझी गिऱ्हाइकं दचकायची. एका पाटलीणबाईंना वाटलं, माझ्या शेतीच्या कागदपत्रांचं काहीतरी चाललंय.

"मळी काढा, मळी," हे त्यांचं दुसरं पालुपद. साठातला जो पत्ता वेग वाढवत नाही तो मळी. मला एक पत्ता फार आवडायचा. त्यावर एक म्हातारी नदीकाठी दिवा धरून बसलेली. म्हटलं, "नाना, ही राहू द्या की, किती छान आहे." "काय करती ती?" "दोन जीव वाढवते." "मग मळी." गेली म्हातारी. असे पत्ते काढत, नवे कुरिअरनं मागवत, पुन्हा शंभर डाव, पुन्हा वही. एकोणपन्नास, अठ्ठावन्न, पासष्ट. आणि प्रत्येक डावात चिरडली जाणार कोण? मी. बरं, डाव संपायचा तीन मिनिटांत. शकूकाकू, म्हणजे नानांच्या मिसेस, चहा घेऊन येईपर्यंत मी तीनदा मेलेली असायची.

तुम्ही म्हणाल, मग काकूच का नाही खेळत? काकू त्या पत्त्यांना हात लावत नाहीत. तेच आता सांगते.

नानांना एकच मुलगी, प्राजक्ता. प्राजू. बापासारखीच केमिस्ट्री शिकली, बापाच्याच शब्दावर कारखान्याच्या लॅबमध्ये लागली. आणि वर्षभरात राजीनामा देऊन आली. पुण्यात अशा खेळांचं एक दुकान आहे, तिथं काम करायचं, स्पर्धा खेळायच्या, असं तिनं ठरवलं होतं. हे पत्ते मूळचे तिचे. नानांचा राग फार वाईट. "पत्त्यांवर पोट भरणार व्हय तू?" एवढं बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या सकाळी त्यांनी तिची पत्त्यांची पेटी उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन पेटत्या बंबात ओतली. आंघोळीच्या पाण्याच्या बंबात! शाळेपासून जमवलेले पत्ते. मी भिंतीवरून बघत होते. प्राजू ओरडली नाही, रडली नाही. दुपारच्या एसटीनं गेली. त्यानंतर ती आईला भेटायची ते नगरच्या स्टँडवर. घरी आली नाही, नानांचा फोन उचलला नाही. तीन वर्षं.

पहिल्या वर्षी नाना घुम्यासारखे बसून असायचे. मग कपाटाच्या तळाशी तिचे राहिलेले मूठभर पत्ते सापडले आणि हे सगळं सुरू झालं.

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, पत्ते कसले घोटवताय? पुण्याला जा, माफी मागा, मोकळे व्हा."

"गेल्तो," नाना पत्ते पिसत म्हणाले. "दुकानात उभा राह्यलो. मला बघून आत गेली. तासभर उभा हुतो."

मग त्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. प्राजू दरवर्षी नगरच्या स्पर्धेला येते. तिथली पद्धत अशी की हरलं म्हणून घरी पाठवत नाहीत. सगळ्यांचे पाच सामने होतात. पहिल्या सामन्याच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून. पुढं जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी, हरणाऱ्याची हरणाऱ्याशी.

"आन् पोरगी काय हरत न्हाई," नाना म्हणाले. ते म्हणताना त्यांच्या तोंडावर जो अभिमान होता, तो तीन वर्षांपूर्वी दाखवला असता तर! "म्हंजे मलाबी हरून चालायचं न्हाई. चार जिंकलो की पाचवा तिच्याशी. एका सामन्याला पन्नास मिनिटं देतात. तेवढा वेळ तिला समोरून उठून जाता येत न्हाई, ताई. नियम हाय."

एवढ्यासाठी तो उतारा. एवढ्यासाठी ती मळी. त्या दिवसापासून मी ऊस व्हायची कधी कुरकुर केली नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी उतारा एक्क्याऐंशी होता. सकाळी आम्ही दोघं एसटीनं नगरला निघालो. नाना निळ्या सफारीत, खिशाला दोन पेनं. काकू आल्या नाहीत. "माझी छाती धडधडते," म्हणाल्या, आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. "तिला द्या. ती घेईल असं बघा."

सावेडीत एका स्टेशनरीच्या दुकानावरचा हॉल. सगळी पोरं काळ्या टीशर्टात, आणि त्यांच्यात हे निळे सफारी. एकानं सांगितलं, "आजोबा, पालकांची बसायची सोय तिकडं आहे." नाना म्हणाले, "मी खेळतो," आणि खुर्ची ओढून बसले. चार मिनिटांत "दाणा पडला!" असा आवाज घुमला. त्या पोरानं पाण्याच्या बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नव्हतं.

पलीकडच्या रांगेत एक मान गर्रकन वळली. प्राजू. वाळली होती जरा, केस कापले होते. तिनं नानांना पाहिलं, मला पाहिलं, आणि मान खाली घातली. नंतर प्रत्येक मधल्या सुट्टीत ती आमच्यापासून हॉलच्या दुसऱ्या टोकाला.

दुसरा सामना, दाणा. तिसरा, दाणा. चौथ्याला दाणा येईचना! सहाव्या खेळीपर्यंत नानांचे दोन जीव उरले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवाला नवस बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात गव्हाण आली आणि तिच्या मागोमाग बाकीचं सगळं. नानांनी या वेळी आरोळी ठोकली नाही. फक्त घाम पुसला.

भिंतीवर पाचव्या सामन्याची यादी लागली. टेबल एक. खर्डे विरुद्ध खर्डे.

"अरे वा, नात्यातले का?" यादी लावणाऱ्या मुलानं विचारलं.

नाना म्हणाले, "सध्या लांबचे."

बसले दोघं. एकमेकांचे पत्ते पिसून द्यायचे असतात. नानांचा डेक प्राजूच्या हातात गेला. तिनं एक पत्ता बोटांवर घासून बघितला, कोरडा खडखडीत.

पहिली खेळी. दुसरी. मी नानांच्या पाठीमागं उभी होते. तिसऱ्या खेळीला त्यांनी पत्ता उचलला आणि मी टाचा उंचावून बघितलं. गव्हाण, बॉयलर, दाणा, तिन्ही हातात! दोन वर्षं ज्यासाठी मी रोज चिरडून घेतलं, तेच. आणि तेव्हा आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं असणार. दाणा टाकला की सामना संपला. सामना संपला की ती मोकळी. पन्नास मिनिटांसाठी जिवाचं रान केलं आणि डेक असा घोटला की चार मिनिटांत सगळं आटोपणार! अहो, शिकलेसवरलेले केमिस्ट तुम्ही, हे आधी सुचू नये? आणि मला तरी कुठं सुचलं होतं म्हणा.

पत्ते छातीशी धरून नाना म्हणाले, "पास."

प्राजूनं मान वर केली. तिची खेळी झाली. पुन्हा नाना. "पास." पुन्हा. "पास." घड्याळात पस्तीस मिनिटं उरली होती.

"जेवलीस का?" नानांनी विचारलं.

"नाही."

मी लगेच डबा पुढं केला. यादीवाला मुलगा धावत आला, टेबलावर खाणं चालत नाही म्हणाला. "बरोबर हाय," नाना म्हणाले, "पत्त्यांना तेल लागंल." प्राजूच्या ओठाचा कोपरा हलला. मी बघितला ना.

मग नाना पत्त्यांकडं बघत बोलले. "त्या दिवशी बंब तापला. पन मी आंघोळ न्हाई केली. तुझे पत्ते जाळून तापलेलं पाणी अंगावर घ्यायचं धाडस झालं न्हाई. सगळं मोरीत वतलं. चुकलं माझं, प्राजू."

प्राजूनं हातातले पत्ते खालीवर केले. मग म्हणाली, "नाना, दिवसभर दाणा दाणा ओरडताय. तो आत्ता तुमच्या हातात आहे ना?"

"हाय."

"केव्हापासून?"

"तिसऱ्या खेळीपासून."

"मग टाका की."

"टाकला तर तू उठून जाशील."

आता मी काही दगड नाही. मी ओढणीनं डोळे पुसायला लागले. प्राजूनं स्वतःचे पत्ते टेबलावर पालथे ठेवले, दोन्ही कोपरं टेकवली आणि म्हणाली, "नाही उठत. टाका."

नानांनी गव्हाण ठेवली, बॉयलर ठेवला, दाणा ठेवला. ओरडले नाहीत. प्राजूच म्हणाली, हळूच, "पडला."

आणि ती उठली नाही. बक्षिसं झाली, पोरं गेली, यादीवाला मुलगा खुर्च्या एकात एक घालत आमच्यापर्यंत आला, तरी ती बापाला विचारत बसली होती की दोन बॉयलर कमी केले तर उतारा किती येईल. नाना वही काढून दाखवत होते. जिंकलेला कप टेबलावरच विसरले. तो मीच पिशवीत घातला. आता त्यात माझी बटणं असतात.

संध्याकाळच्या एसटीनं तिघं बेलापूरला आलो. डबा वाटेतच रिकामा झाला. काकूंनी दार उघडलं, लेकीकडं बघितलं, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि बोलायला काही सुचेना म्हणून म्हणाल्या, "दमून आलीस. आंघोळीला पाणी तापवते." आणि मागच्या अंगणात गेल्या.

नाना चपलांसकट त्यांच्यामागं धावले. "थांब! बंबात काय घालतीस ते आधी मला दाखव!"

काकूंनी हातातलं दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड पुढं केलं. नानांनी ते घेतलं, उलटंसुलटं करून नीट बघितलं, आणि परत देत म्हणाले, "हां. हे घाल."