बाथरूममधली आरती

शौनकच्या दाढेत भोक पडलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने बॅटरी लावून ते पाहिलं. बाबांनी तर चष्मा बदलून पुन्हा पाहिलं. सहा वर्षांच्या आयुष्यात शौनकला एवढा मान कधी मिळाला नव्हता, त्यामुळे तो तोंड मिटायलाच तयार होईना.

दाताच्या डॉक्टरांनी दाढ बुजवली आणि बजावलं, "रात्री नीट ब्रश केला नाही, तर बाकीच्या दाढाही याच वाटेने जाणार. महिन्याभराने परत दाखवा."

नेमका त्याच संध्याकाळी मंदाकिनीकाकूंचा फोन आला. काकू जन्मापासून कोलकात्यातल्या, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती त्यांच्या भुवईच्या इशाऱ्यावर बसतो नि उठतो. यंदा मुलांच्या आरतीला माइक ईशाच्या हातात द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. ईशा म्हणजे शौनकची ताई. आठवीपर्यंत ती मंडळाच्या नाटकात मागच्या रांगेत झाड म्हणून उभी राहायची. नववीत तिला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून ती पाणीसुद्धा भाषणाच्या सुरात मागायची. माइक ही काळाची गरज होती. निदान तिच्या तरी.

"माइक म्हणजे पोरांची सगळी फौज सांभाळायची," आई म्हणाली. आई बँकेत कर्ज विभागात होती, आणि तारण मागायची सवय तिला घरीही सुटत नव्हती. "आधी घरातलं एक सांभाळून दाखव. महिन्याने शौनकचे दात स्वच्छ निघाले, तर माइक तुझा. नाही निघाले, तर काकूंना मी नको म्हणून कळवते."

"डन!" ईशा म्हणाली. इतकं सोपं काम तिला अपमानास्पदच वाटलं.

रात्री कळलं, की शौनक शिंक द्यावी तसा ब्रश करतो. एकदा जोरात, आणि संपलं.

"झाला!"

"काय झाला? पेस्ट अजून ब्रशवरच आहे!"

"ती उद्याला ठेवलीय."

मोबाइलवर वेळ लावून दिली, तर त्याने मोबाइलवर गेम उघडला. गोष्ट सांगितली, तर राक्षसाला दात किती, ते विचारायला ब्रश तोंडातून काढला. शेवटी ईशाला युक्ती सुचली. गणपतीची आरती म्हणायची, आणि ती संपेपर्यंत ब्रश थांबवायचा नाही. पहिलं कडवं वरचे दात, दुसरं कडवं खालचे, ध्रुवपद आलं की जीभ. आरती अर्धी सोडून जायचं नसतं, हे मराठी मूल पाळण्यातच शिकतं, मग पाळणा कोलकात्यातल्या डमडमला का असेना. शौनक निमूटपणे घासत राहिला. टाळ्या तेवढ्या ईशाने वाजवल्या.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका रात्री चूळ भरून होते न होते, तोच दाराची घंटा वाजली. दारात खालच्या फ्लॅटमधल्या बंगाली आजी, म्हणजे ठाकुमा उभ्या, हातात संदेश मिठाईची बशी. त्यांच्या आणि ईशाच्या बाथरूमची खिडकी एकाच चिंचोळ्या बोळकांडीत उघडायची.

"ओ माँ! रोज रात को आरती!" ठाकुमांचं हिंदी बंगाली वळणाचं होतं. "आजकाल बच्चा लोग शिर्फ मोबाइल देखता है, और तुम लोग भगवान को गाना शुनाके शोता है! मेरा नाती को मैं बोला, जाओ, ईशादिदि को देखके शीखो!"

खरं सांगायला ईशाने तोंड उघडलं होतं. पण कोणी स्तुती करत असताना मध्ये बोलणं उद्धटपणाचं दिसतं, म्हणून ती थांबली.

"प्रशाद लो, शोना," ठाकुमांनी संदेश शौनकपुढे धरला.

"ए, ब्रश झालाय!" ईशा मराठीत पुटपुटली.

"प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. आई ओरडते," शौनक म्हणाला आणि दोन संदेश उचलले.

हे शास्त्राला धरूनच होतं. त्यामुळे ठाकुमा गेल्यावर पुन्हा ब्रश करणं आलं. ब्रश म्हटल्यावर आरती आली. आणि आरती झाल्यावर ठाकुमा आल्या.

"दू बार आरती!" त्यांचे डोळे भरून आले होते. या वेळी नारळाचे लाडू होते.

तिसऱ्यांदा ईशाने आरती कुजबुजत म्हटली. शौनकनेही ब्रश कुजबुजतच केला, म्हणजे दातांना न लावता.

दुसऱ्या दिवशी ठाकुमा आरतीच्या आधीच हजर झाल्या. समोरून दर्शन घ्यायचं म्हणाल्या. येताना शंखही आणला होता.

"ठाकुर, माने भगवान, कहाँ बैठाया है?"

ईशाने शोकेसमधला गणपती उचलला आणि बाथरूमच्या दाराशी असलेल्या वॉशिंग मशीनवर ठेवला. ठाकुमा हात जोडून पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. आत, उघड्या दारातून, तोंडाला फेस आलेला शौनक दिसत होता.

"ये क्या करता है?"

"हमारे यहाँ मुँह शुद्ध किए बिना आरती नहीं होती," ईशा वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात म्हणाली.

"कितना नियोम!" ठाकुमा थक्क झाल्या. आणि शौनकने चूळ भरली, तेव्हा त्यांनी शंख फुंकला.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय चाललंय गं तिकडे?"

"दात घासतोय!" ईशा ओरडली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

राहिला प्रश्न प्रसादाचा. त्यावरही ईशाने तोडगा काढला. आमच्यात लहान मुलांना रात्रीचा प्रसाद चालत नाही, त्यांच्या वाटचा मोठी बहीण खाते, असं तिने ठाकुमांना सांगून टाकलं. प्रसाद टाकायचा तर नसतोच. मग संदेश झाले, मालपुवे झाले, एकदा पाकातून निथळणारे पान्तुआ झाले. भावासाठी एवढा त्याग कोणती बहीण करते, या विचाराने ईशाला स्वतःचंच भरून यायचं आणि ती तशीच जाऊन झोपायची.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी शौनकच्या तोंडात आरसा फिरवला, पुन्हा फिरवला आणि खुर्ची मागे ढकलली.

"ए-वन! एकही डाग नाही. घासून कोण घेतं?"

ईशाने भाषण तयारच ठेवलं होतं. ती पुढे झाली, दीर्घ श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"तसंच ठेव," डॉक्टर म्हणाले आणि दिवा तिच्याकडे वळवला.

वरची एक किडलेली, खालची एक. दोन्ही कायमच्या दाढा.

परतताना बसमध्ये बधिर झालेला गाल हातात धरून ईशा म्हणाली, "फण... फाइफ?"

"माइक तुझाच," आई म्हणाली. "तारण शौनकच्या दातांचं होतं, ते सुटलं. पण आजपासून तूही रात्री ब्रश करायचास. आणि लक्ष शौनक ठेवेल."

रात्री शौनक बेसिनसमोर स्टूल घेऊन त्यावर उभा राहिला. महिनाभर ऐकून आरती त्याला तोंडपाठ झाली होती. तो खणखणीत आवाजात म्हणत होता आणि मध्येच हुकूम सोडत होता, "ताई, आतले घास! टाळ्या मी वाजवीन!"

एवढ्यात बाहेर ठेवलेला ईशाचा फोन वाजला. शौनकने उतरून तो आणला, स्पीकर लावला आणि पुन्हा आपल्या जागी चढला.

"ईशा, अगं उद्यापासून तालमीला ये हं," मंदाकिनीकाकू म्हणाल्या.

"ताईच्या तोंडात फेस आहे, काकू. आरती मी म्हणतोय."

"तू? तुला येते? अरे, इथली पोरं एका ओळीनंतर पुस्तकात तोंड खुपसतात! म्हण बघू."

शौनकने म्हटली. कुठे अडखळला नाही, कुठे घाई केली नाही. खालचे दात राहू नयेत, म्हणून दुसरं कडवं तर त्याने अंमळ सावकाशच घेतलं. पलीकडे काकू नुसत्या "अगंबाई, अगंबाई" करत होत्या. ईशा थुंकायला धडपडत होती, पण बेसिनपुढे स्टूल होतं आणि स्टुलावर शौनक होता.

"ठरलं!" काकू म्हणाल्या. "यंदा माइक या सोन्याच्या हातात. ईशा त्याच्यामागे उभी राहून झांजा वाजवेल. विचार रे तिला, चालेल ना?"

शौनकने ताईकडे पाहिलं. ती दोन्ही हात हवेत उडवत होती, पाय आपटत होती आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चालेल काय, काकू," तो म्हणाला, "ती तर नाचतेय."