डोंगरावर राहिलेला कुकर

विषय : घरातील पाच लिटरचा कुकर डोंगरावर राहिल्याबाबत.
संदर्भ : सौ. मुक्ताबाई यांचे तोंडी आदेश (वेळोवेळी दिलेले, चढत्या आवाजात).

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर कुकर मी चोरलेला नाही. तो माझ्याच घरातला होता आणि मी तो पिशवीत घालून नेला, इतकंच. सौ. तेव्हा बेलापूरला बहिणीकडे गेली होती, त्यामुळे परवानगी मागायला घरात कुणी नव्हतं. (फोन होता. पण फोन केला की परवानगी नाकारली जाण्याचा संभव असतो.)

या कुकरबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली, तितकीच त्याच्या सेवेला झाली. त्यात डाळ कधी लागत नाही. "इतक्या वर्षांत यात काडीचा फरक पडला नाही," असं सौ. त्याच्याबद्दल म्हणते. माझ्याबद्दलही हेच म्हणते, पण कुकरबद्दल म्हणताना तिच्या आवाजात कौतुक असतं. कुकर गॅसवर ठेवून ती गच्चीवर गेली की मला एकच काम असतं : तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा. मी पेपर वाचत बसतो आणि बहुधा सातव्या शिट्टीला ती स्वतःच खाली येते.

तर, मूळ प्रकरण. निवृत्तीनंतर आम्ही तिघं रोज संध्याकाळी प्रवरेच्या काठी बसतो. काकासाहेब हे कचेरीत माझे वरिष्ठ होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्यांना कुणी चहा विचारला तरी ते "बघू" म्हणतात. गनीभाई एसटीत कंडक्टर होते. चालताना ते नेहमी सगळ्यांच्या मागे असतात. सगळे चढले याची खात्री झाल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही.

"पुण्याची पोरं शनिवार-रविवार आपल्या अकोले तालुक्यातले डोंगर चढून जातात," गनीभाई एकदा म्हणाले, "आणि आपण संगमनेरात बसून त्यांचे फोटो बघतो. शरम पाहिजे राव."

"चढायला हरकत नाही," काकासाहेब म्हणाले. "पण मला ॲसिडिटी. बाहेरचं चालत नाही. वर मऊ खिचडी मिळणार असेल तर विचार करता येईल."

"मी कुकर आणतो," मी म्हणालो. नोकरीत इतक्या झटपट मी एकही निर्णय घेतला नव्हता. तो का घेऊ नये, ते आता कळतं.

भाद्रपदातला शनिवार. राजूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि उंबरदरा नावाच्या वाडीत छबूबाईंच्या ओसरीवर चहा. छबूबाई ट्रेकवाल्यांना जेवण करून देतात. माझ्या पिशवीतून डोकावणारं कुकरचं हँडल बघून त्यांनी विचारलं, "वर सैपाक करनार व्हय?"

"हो. खिचडी."

"मंग गॅस पेटवायच्या आदी मूठभर तांदूळ खिंडीतल्या सपाट दगडावर ठिवा. पयला वाटा डोंगराचा. इसरू नका."

"आणि विसरलो तर?"

"तर तो घेतो," छबूबाई म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या. दूध संपलंय, हे सांगावं तशा आवाजात.

चढण आम्ही कशी चढलो, ते माझे गुडघे अधिक चांगलं सांगू शकतील. वर खिंडीत पोचलो तेव्हा स्वच्छ ऊन होतं, सोनकीची पिवळी फुलं पसरली होती आणि मधोमध तो सपाट दगड. मी तांदळाच्या पिशवीत हात घातला. तो काकासाहेबांनी धरला.

"थांबा. तांदूळ बरोबर तिघांपुरते आहेत. आधी खिचडी होऊ द्या. उरेल त्यातून डोंगराला देऊ. याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. आधी खर्च, मग मान्यता. सरकारात सगळं असंच चालतं."

"डोंगर सरकारी हाय का पण?" गनीभाईंनी विचारलं.

"वनखात्याच्या हद्दीत आहे. म्हणजे सरकारीच."

मी पिशवीतून हात बाहेर काढला. मग काकासाहेबांनी कुणाच्या टेबलाला कोणतं काम, ते ठरवून दिलं. डाळ-तांदूळ धुऊन कुकरात घालणं माझं टेबल, झाकण लावणं त्यांचं, बरोबर आणलेल्या छोट्या शेगडीचा गॅस पेटवणं गनीभाईंचं. ज्याने त्याने आपलं टेबल उरकलं. दुसऱ्याच्या टेबलात डोकवायची आम्हाला सवय नाही.

"तीन शिट्ट्यांना वेळ आहे," काकासाहेब म्हणाले. "तोवर कडा बघून येऊ. शिट्टी ऐकू येईलच."

कडा हाकेच्या अंतरावर होता. आम्ही खाली कोकणाकडे बघत उभे होतो, तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. ते पसरलं वगैरे नाही. कुणी पांढरं पांघरूण ओढून घ्यावं तसं आलं. आधी दरी गेली, मग फुलं गेली, मग काकासाहेब गेले. म्हणजे होते शेजारीच, पण नुसता आवाज उरला होता. वारा पडला. पाखरांचा आवाज बंद झाला.

"चला परत," आवाज म्हणाला.

आम्ही परत निघालो. निदान तसं आम्हाला वाटत होतं. पायाखालचं गवत निसरडं होत गेलं, मग नुसताच खडक लागला. येताना हा खडक लागला नव्हता.

आणि शिट्टी झाली. लांब, बारीक, आणि आमच्या पाठीमागून.

"पहिली," मी म्हणालो. (आयुष्यात प्रथमच मी मोजत होतो.)

"पाठीमागून कशी?" काकासाहेब म्हणाले. "कुकर समोर पाहिजे."

गनीभाईंनी पायाजवळचा दगड उचलून पुढे टाकला. आम्ही त्याच्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आवाज आलाच नाही.

"साहेब," गनीभाई अगदी हळू म्हणाले, "पुढं जमीन न्हाई."

आम्ही बसलो. बसूनच मागे वळलो आणि शिट्टीच्या दिशेने निघालो. काकासाहेबांनी मारुतीचं नाव सुरू केलं, गनीभाईंनी अल्लाचं. मी दोघांच्या मधे राहिलो, कुठूनही मदत आली तरी मिळावी म्हणून.

दुसरी शिट्टी डावीकडून झाली. आम्ही डावीकडे वळलो. माझ्या मागे गवतावर पावलं वाजत होती, आणि कुणीतरी दमल्यासारखा जड श्वास घेत होतं. मला धीर आला. कंडक्टर मागे असला की बरं वाटतं.

"गनीभाई, दमलात का?"

"मी? न्हाई बुवा," गनीभाई म्हणाले. माझ्या पुढून, काकासाहेबांच्या शेजारून.

पावलं थांबली. आम्हीही थांबलो. माझ्या मानेला ओलसर ऊब लागली, कुकरच्या वाफेसारखी. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं नंतर सौ. म्हणाली, पण ती तिथे नव्हती. आणि मग तिसरी शिट्टी झाली. ती माझ्या कानाशी झाली.

त्यानंतर आम्ही किती आणि कसे धावलो, याची नोंद नाही. धुक्यातून सपाट दगड एकदम समोर आला आणि काकासाहेब त्याच्यावर आपटता आपटता राहिले.

गॅस बंद होता. गनीभाईंनी शेगडीला हात लावला आणि काढून घेतला.

"गार हाय," ते म्हणाले. "लई वेळ झाल्यासारखी."

कुकर उघडा होता. झाकण शेजारी, व्यवस्थित, उताणं ठेवलेलं. खिचडी मऊ शिजली होती, आणि शेगडी गार असून तिच्यातून वाफा निघत होत्या. मधोमध एक खळगा होता, एक मूठ मावेल एवढा. त्याच्या कडेला बोटांच्या खुणा होत्या. आणि सपाट दगडावर, मधोमध, मूठभर खिचडी.

"कार्योत्तर मंजुरी..." मी म्हणालो.

"बोलू नका," काकासाहेब म्हणाले.

आम्ही उतरलो. पिशव्या तिथेच, शेगडी तिथेच, कुकर तिथेच. आयुष्यभर शेवटच्या प्रवाशासाठी थांबलेले गनीभाई त्या दिवशी सर्वांत पुढे होते. शेवटचा कोण आहे, हे त्यांना बघायचं नव्हतं.

सौ. सोमवारी बेलापूरहून आली. ओट्यासमोर उभी राहिली, फडताळ उघडलं, बंद केलं, आणि म्हणाली, "अहो, माझा कुकर कुठंय?"

मी सगळं खरं सांगितलं. धुकं, कडा, शिट्ट्या, कानाशी आलेला श्वास. ऐकता ऐकता ती खिडकीकडे बघत होती. (हे सर्वांत भीतिदायक होतं.) माझं सांगून झाल्यावर तिने खिडकीच्या कट्ट्यावर हात घातला आणि माझ्यासमोर एक वस्तू ठेवली.

कुकरची शिट्टी. ती घासून, पुसून, वाळत ठेवून सौ. बेलापूरला गेली होती.

तांदूळ माझ्या टेबलाला होते, झाकण काकासाहेबांच्या, गॅस गनीभाईंच्या. शिट्टी कुणाच्याच टेबलाला नव्हती.

"म्हणजे मुक्ता... ती शिट्टी... वर ते कोण होतं गं?"

"ते कोण का असेना," सौ. म्हणाली. "शिट्टी नसताना तीन मोजल्या, गॅस बंद केला, झाकण नीट ठेवलं. तुम्हाला ओट्यावर शिट्टी असताना आजवर एकदा तरी जमलं? आणि वर तुम्हाला कड्यावरून माघारी वळवलं." मग तिने शिट्टी पदराने पुसली. "कुकर येईपर्यंत भात तुम्ही करायचा. पातेल्यात. समोर उभं राहून."

छबूबाईंना फोन केला. कुकर आणून ठेवाल का, म्हणून.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "तितंच हाय, दगडापाशी. कुनी हात लावीत न्हाई. त्याचा हाय आता. सकाळच्याला धुकं आसलं की वरून तीन शिट्ट्या व्हत्यात. पयल्यांदा भ्यालो आमी. आता वाडीतल्या बाया त्याच मोजून भात उतरवत्यात."

हे मी सौ.ला सांगितलं. "बघा," ती म्हणाली.

डोंगरावर परत जायला तिघांपैकी कुणी तयार नव्हतं. शेवटी काकासाहेबांनी मार्ग काढला. पहिला वाटा देण्यास झालेला विलंब क्षमापित करून सदर कुकर परत मिळावा, असा रीतसर अर्ज त्यांनी तयार केला. प्रति, डोंगर, मौजे उंबरदरा. खाली तिघांच्या सह्या. सोबत मूठभर तांदूळ, या वेळी कामाच्या आधी. राजूरच्या एसटीत गनीभाईंच्या ओळखीचे कंडक्टर होते, त्यांच्याकरवी ते छबूबाईंकडे पोचलं, आणि छबूबाईंनी सगळं सपाट दगडावर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ नव्हते. अर्ज होता, कुकरही होता.

म्हणजे पोच मिळाली आहे, असं काकासाहेबांचं मत आहे. कुठल्याही कार्यालयात आधी तांदूळ जातात, कागद मागून हलतो. ते दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवतात, तांदळासह. छबूबाई म्हणतात, तांदूळ रोजच्या रोज पाठवले तरी चालतील.

मी हल्ली पातेल्यासमोर उभा असतो. पातेल्याला शिट्टी नसते, त्यामुळे भात लागतो. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.