टेकडीच्या सात वळणांची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, टेकडीमाथ्याची आदिमाया प्रसन्न, आणि डाव्या अंगाच्या झऱ्याचे पाणी कधी आटो नये ही प्रार्थना. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, कार्तिकमासी, राज्यात स्वस्ताई नसली तरी शांतता होती आणि रयत सकाळी उठोन टेकडीवर फिरावयास जात होती. ते समयी त्या टेकडीच्या वाटेचा जो कज्जा जाहला, तो ज्यांनी पाहिला त्यांच्या तोंडून ऐकोन, पदरचे तिखटमीठ बेताने लावोन येथे लिहिला आहे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्याच्या गावी टेकडी आहे त्याने आपलेच समजावे.

त्या राज्यात माणकोजी सांडभोर म्हणोन डाकेचे चाकर होते. त्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांची सुखदुःखे खांद्यावरच्या पिशवीत घालोन दारोदार पोचविली आणि मग ते निवृत्त जाहले. ज्या साली चाकरी सुटली त्याच साली त्यांच्या कुटुंबास, अनसूयाबाईंस, नाल्याकाठी पिवळ्या रंगाचे श्वानाचे पिल्लू सापडले, आणि ते बसण्याआधी जागच्या जागी तीन वेळा फिरे म्हणोन बाईंनी त्याचे नाव भिंगरी ठेविले. मग रोज प्रातःकाळी स्वारी निघे ती ऐसी की पुढे भिंगरी, तिचे मागे बाई, आणि बाईंचे मागे माणकोजी. माथ्यावर एक सपाट खडक आहे, तेथे बसोन बाई भाकरीचे तीन तुकडे करीत, आणि मोठा तुकडा कोणास जाई हे सांगावयास नको. ऐसी दहा वर्षे गेली आणि बाई अल्पशा दुखण्याने निवर्तल्या. तेव्हापासोन माणकोजींनी घरात बोलणे सोडले. परंतु खडकावर भाकरीचे दोन तुकडे करोन ते भिंगरीस सगळे सांगत, की आज डाळ करपली, शेजाऱ्याची लेक बाळंत जाहली, तुझी बाई असती तर बाळंतविडा घेऊन पहिली पोचली असती. तीन वर्षांत घरी जितके शब्द निघाले नसतील तितके त्या खडकावर आठवड्यात निघत.

आता त्या राज्याचे बागसुभेदार त्र्यंबकराव घोटवडे यांचे वर्तमान ऐका. राज्यातील बागा, टेकड्या आणि तेथील बाकडी यांजवर त्यांचा अंमल चाले. स्वभावाने दुष्ट नव्हेत, परंतु नाकावर माशी बसू देणार नाहीत. त्यांच्या लेकीने त्यांस पावले मोजणारे मनगटी यंत्र दिले होते, त्यात रोज दहा हजार पावले भरल्याखेरीज ते चहा घेत नसत, आणि पावले भरावयाची म्हणोन टेकडीवर ऐसे सुसाट जात की रयत आपणहून बाजूस होई. दसरा होऊन आठवडा जाहला होता. चौथ्या वळणावर भिंगरी नित्याप्रमाणे झऱ्याकडे तोंड करोन हुंगत उभी होती, दोरी वाटेवर आडवी जाहली होती, आणि त्र्यंबकराव यंत्राकडे पाहात आले ते दोरीत पाय अडकोन पालथे पडले. माणकोजींनी हात देऊन उठविले, धूळ झटकिली, दहादा क्षमा मागितली. परंतु पाहणारे पंधरावीस होते आणि त्यांतील दोघे हसले होते. सुभेदार पडले तरी नाक वरच. तिसरे दिवशी पायथ्याशी हुकूम लागला की या टेकडीवर आणि राज्यातील यच्चयावत बागांत श्वानांस मज्जाव असे.

हुकूम वाचोन माणकोजी भिंगरीस घेऊन माघारी फिरले. भिंगरीस वाटले काही विसरले असेल, म्हणोन घरी पोचताच ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. दुसरे दिवशी तिने खुंटीवरची दोरी ओढोन तोंडात धरिली आणि उंबऱ्यावर बसली, आणि दुपार झाली तरी उठली नाही. माणकोजींनी तिला गल्लीतून फिरविले, परंतु तेथे मोटारींची दाटी, हुंगावे तर डांबर, ती विधी उरकोन परत फिरे. भाकरी अर्धी टाकू लागली. तेरा वर्षे म्हणजे श्वानाची शंभरी जवळ आली, मागले गुडघे आखडले होते, डोळ्यांत सायीचा पडदा आला होता. माणकोजींस सुभेदारांचा राग आला नाही, भीती वाटली. भिंगरीचे दिवस मोजके उरले होते. ते टेकडीवर जावेत की उंबऱ्यावर जावेत एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या हाती नव्हते.

इकडे राज्यातील श्वान बाळगणाऱ्या रयतेने अर्ज केला, तेव्हा सुभेदारांनी मनात आणिले की हा कज्जा कायमचा मिटवावा. मग त्यांनी दफ्तर उघडोन वहिवाटीचा जुना कायदा काढविला. हा कायदा बैलांच्या तांड्यांच्या काळचा, तेव्हा वाटा बैलच पाडीत, सबब त्यात माणूस आणि जनावर ऐसा भेद केला नव्हता. कायदा ऐसा की ज्याने वाट पाडली आणि बारा वर्षे चालविली, ती वाट त्याची. त्यास कोणी अडवू नये, आणि तो चालत असता बाकीच्यांनी मागून चालावे, पुढे जाऊ नये. पायथ्याची टेकडीच्या नावाची फळी चौदा वर्षांमागे सुभेदारांनीच रोविली होती, म्हणोन वाटही आपलीच, ऐसा त्यांचा प्रामाणिक समज होता. एकदा वाट आपल्या नावे लागली की आपण सांगू तो चालेल आणि आपण सांगू तो थांबेल, ही मसलत. मग त्यांनी तो कायदा भर चौकात मोठ्याने वाचविला आणि चौकशीस सगुणाबाई रेडकर यांस पंच नेमिले. सगुणाबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका, शब्दाच्या पक्क्या, आणि लहानपणी पोटरीस चावा बसल्यापासोन श्वानास बहुत भीत. ऐसा पंच मिळाला म्हणोन सुभेदार संतोष पावले. आपला धोंडा आपणच उचलोन आपल्या पायावर नेम धरीत आहो, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

चौकशीचे आदले दिवशी पायथ्याशी चहाची टपरी चालविणाऱ्या हौसाबाईंनी माणकोजींस बोलावोन कोपऱ्यात बसविले आणि चहा पुढे करोन म्हणाल्या, "आण्णा, उद्या सरळ सांगा की वाट मी पाडली. तेरा वर्सं तुमी चढताय, मी साक्ष देते. वाट तुमची झाली की कुत्रीला कोण अडवतंय?" गोष्ट बिनतोड होती. माणकोजी घरी आले, भिंगरी उंबऱ्यावर दोरी तोंडात धरोन बसलीच होती, तिजकडे पाहोन त्यांच्या मनात शंभरदा आले की एवढेसे बोलावयास काय जाते, सगळे मान्य करतील, उद्याच टेकडी मोकळी होईल. आणि खरे सांगोन, की वाट भिंगरीने पाडली, ती श्वानाच्या नावे लिहा म्हटले तर लोक हसतील, अर्ज फेटाळतील, मग जन्माचा उंबरा. संध्याकाळभर त्यांनी विचार केला आणि भाकरी त्यांसही गेली नाही.

कार्तिक वद्य पंचमीस टपरीपुढे पंच बसले. सुभेदारांनी फळीचा दाखला दिला. मग शेरडे राखणारा बिरू लवटे साक्षीस उभा राहिला. त्याने घोंगडी सावरली आणि म्हणाला, "सायेब, फळी तुमी लावली, खरं हाय. पर तवा वाटच नव्हती. शेरडं सरळ चढत्यात, त्यास्नी वाट लागत न्हाई. ह्यो पिवळा जीव पिल्लू हुता तवापास्नं म्होरं हुंगत जायचा, मागनं बाई, बाईंच्या मागनं आण्णा. मंग आमी समदी त्यांच्या मागनं." लोक खसखसले. सगुणाबाईंनी माणकोजींस विचारिले की वाट तुमच्या नावे लिहावी काय. हौसाबाई पलीकडोन मानेने हो हो करीत होत्या. माणकोजी उठले, हातातली टोपी दोनदा फिरविली, आणि हळू आवाजात बोलिले, "बाई, मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. पाकिटावर दुसऱ्याचं नाव असलं की ते आपण ठेवून घेत नाही, कितीही गरज असली तरी. ही वाट माझी नाही. मी फक्त मागून चाललो." हौसाबाईंनी कपाळास हात लाविला. सुभेदारांस हर्ष जाहला, कारण आता दुसरा दावेदार म्हणजे एक म्हातारी कुत्री.

परंतु सगुणाबाई शाळेत होत्या तेव्हाही पाहिल्याखेरीज गुण देत नसत. त्या म्हणाल्या की वाट येथे बसोन कळावयाची नाही, चालोन पाहू. मग भिंगरीस आणविले, आणि पंच, सुभेदार, बिरू, हौसाबाई आणि पाचपन्नास रयत ऐसा लवाजमा टेकडी चढू लागला. सगुणाबाई भयाने वीस हात मागे राहोन चालल्या, परंतु डोळे वाटेवर. भिंगरीने पहिल्या वळणावर सशाचे बीळ हुंगले आणि वाट त्या बिळास वळसा घालोन गेली होती. दुसऱ्यास करवंदीची जाळी, तिसऱ्यास मुंगसाची कपार, आणि दर ठिकाणी वाट आधी त्या वस्तूपाशी जाई आणि मग वर फिरे. चौथ्या वळणाशी माथा सरळ समोर दिसतो, मध्ये खडा नाही की काटा नाही, तरी वाट डावीकडे वळोन झऱ्याशी जाते. तेथे सगुणाबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "त्र्यंबकराव, ही वाट तुम्ही पाडलीत ना? मग माथा समोर असताना इथं डावीकडे का वळलात?"

सुभेदारांनी माथ्याकडे पाहिले, झऱ्याकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले. मग म्हणाले, "तिकडं जरा हवा बरी असते." इतक्यात भिंगरी डावीकडे वळली, झऱ्याकाठची ओली माती हुंगली, दोन घोट पाणी प्याली आणि जेथोन वाट वर जाते तेथोनच वर निघाली. लोक हसले नाहीत. सगुणाबाई त्या मातीकडे पाहोन बोलिल्या, "माणूस माथ्याकडे बघत जातो. ही वाट हुंगत गेली आहे." मग पाचवे, सहावे, सातवे वळण जाहले, आणि माथ्यावरच्या खडकापाशी भिंगरी जागच्या जागी तीन वेळा फिरली आणि बसली. माणकोजींनी खिशातील भाकरी काढिली, दोन तुकडे केले, मग काय मनात आले कोण जाणे, एकाचे पुन्हा दोन केले आणि तिसरा तुकडा वीस हातांवर उभ्या सगुणाबाईंस नेऊन दिला. बाईंनी तो तेथेच उभ्याने खाल्ला.

निवाडा तेथेच लिहिला गेला तो ऐसा की वाट भिंगरीची, आणि ज्या जातीने रयतेस वाट दिली तिला या टेकडीवर व राज्यातील बागांत मज्जाव नाही. दोरी हाती असावी आणि ती वाटेत आडवी पडू देऊ नये. मागची घाण ज्याच्या हाती दोरी त्याने उचलावी. जे श्वानास भितात, त्यांत खुद्द पंचही आल्या, त्यांच्यासाठी मंगळवारची सकाळ राखावी. आणि वहिवाटदार चालत असता कोणी पुढे जाऊ नये. हे शेवटले कलम सुभेदारांनीच चौकात वाचविले होते.

मग मार्गशीर्षापासोन त्या राज्यात ऐसा देखावा सुरू जाहला की प्रातःकाळी पुढे एक म्हातारी पिवळी कुत्री लंगडत चालली आहे आणि मागे सगळे राज्य. ती थांबली की सगळे थांबत. कोणी झऱ्याचे पाणी पाही, कोणी शेजारी उभ्या माणसाचे नाव विचारी, आणि कित्येकांस तेथेच प्रथम कळले की आपली घरे एकाच आळीत आहेत. सुभेदारांच्या यंत्रात तीन हजारांवर पावले भरत ना. पहिला पंधरवडा ते धुमसले, चहावाचून डोके दुखले, मग एके दिवशी तीन हजारांवरच चहा घेतला आणि यंत्र घरी ठेवू लागले. पौषात भिंगरीस पाणी प्यावयास वाकणे जड जाऊ लागले, तेव्हा चौथ्या वळणावर एक पसरट दगडी भांडे आले. कोणी ठेविले हे सुभेदारांनी सांगितले नाही, परंतु त्यांची कंबर चार दिवस धरिली होती.

भिंगरी वैशाखापर्यंत चालली. शेवटल्या दिवसांत दोनच वळणे जाई, मग एकच, आणि लोक तेथोनच नमस्कार करोन परतत. वैशाख शुद्ध सप्तमीस पहाटे ती उंबऱ्याच्या आत निजली ती उठली नाही. माणकोजी बहुत रडले, आणि अनसूयाबाई गेल्या तेव्हाचे राहिलेलेही त्यातच रडोन घेतले. बिरूने खडकाशेजारी खड्डा काढिला.

तेराव्या दिवसानंतर माणकोजी पुन्हा टेकडीवर गेले, दोरी सवयीने खिशात होती. वाट मोकळी होती, पुढे जाण्यास आता कोणाची आडकाठी नव्हती. चौथ्या वळणाशी पोचले तो पुढे दोन तरुण बाया उभ्या, राज्यात नव्याने राहावयास आलेल्या, भिंगरीस कधी न पाहिलेल्या, झऱ्याकडे तोंड करोन. माणकोजींनी विचारिले की काही हरवले आहे काय. त्यांतील एक म्हणाली, "नाही काका, इथं जरा थांबायचं असतं." माणकोजी म्हणाले, "हो, असतं खरं." मग तेही थांबले, आणि तिघे मिळोन वर गेले, आणि खडकावर त्यांनी भाकरीचे तुकडे केले.

सारांश, वाट एक, वळणे सात, मंगळवारची सकाळ वगळोन श्वानांस मुभा. वहिवाटदार वैशाखात गेली, वहिवाट चालू आहे. पुढे लिहिणे नाही.