आठ पेट्यांस एकच पत्ता पडला त्याची हकीकत

श्री. जी शक्ती मुक्या वस्तूस वाचा देते आणि निजलेल्यास हलकेच जागे करिते, तीस नमन असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, ज्येष्ठ मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिले तैसे लिहिले आहे.

त्या राज्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकरांचा एक महाल होता. काचेचे पाळणे आठ, आत ओंजळीएवढी लेकरे, आणि त्यांतील एखादे श्वास घ्यावयाचेच विसरे, मग तळपायास टिचकी मारून त्यास आठवण द्यावी लागे. या कामासाठी हुजुरांच्या कारखान्यात पेट्या घडविल्या. पाळण्यागणिक एक पेटी, तिने श्वास मोजावा आणि इथरनेटच्या तारेवरून परिचारिकांच्या चौकीतील पडद्यास कळवावा. पेटीच्या पोटातील मूळ कारभारी, ज्यास कर्नल म्हणती, तो लिहिण्याचे काम वैदेहीबाईंकडे होते. बाई तरुण, विद्येत निपुण, आणि घरी नऊ महिन्यांची कन्या, म्हणोन हात कामात आणि अर्धा कान सदैव घराकडे.

आता तारेवर बोलणाऱ्या हरएक पेटीस बारा अक्षरांचा आपला पत्ता असतो. तो कारखान्यातच एका चिमुकल्या चिपेत कोरून ठेवितात आणि पेटी उठताच कर्नलने तो वाचून तारेस सांगावा ऐसी रीत. परंतु बाईंनी वाचावयास जावे तो उत्तर कोरे येई. त्या दिवशी कन्येस एकशे दोन ताप. बाईंनी घाईने एक पत्ता आपल्याच हाते कर्नलात लिहिला, शेजारी "तात्पुरता, नंतर काढणे" ऐसी टीप केली, आणि मेजावरच्या एकुलत्या पेटीने उत्तम जबाब दिला. मग बाई घरी धावल्या, आणि ताप उतरेतो टीप विसरल्या, आणि मग त्याच कर्नलच्या नकला आठही पेट्यांत भरल्या गेल्या.

पेट्या महालात मांडिल्या त्या सकाळी मुख्य परिचारिका इंदुमतीबाईंचा फोन आला, "मॅडम, तुमच्या पडद्यावर एकच बाळ दिसतंय. मी इथे आठ मोजतेय. बाकीची सात काय आजोळी गेली?"

वैदेहीबाईंस ती विसरलेली टीप तत्काळ आठवली. आठही पेट्या एकच पत्ता सांगत होत्या आणि चौकी त्यांस एकच समजत होती, कोणाचा श्वास कोणाच्या नावे लागत होता. बाई तैशाच उठून महालात दाखल जाहल्या. पाहतात तो इंदुमतीबाई तिसऱ्या पाळण्याच्या झरोक्यातून हात घालून लेकराच्या छातीवर दोन बोटे ठेवून उभ्या.

"हे सकाळपासून दोनदा विसरलंय," त्या बोलिल्या, "एकेका पाळण्याशी एकेक जण उभी केलीय. पण दोनला पाळी बदलते, मग आम्ही चौघीच. चार हात उसने आणू कुठून?"

कारखान्याचे वडील कारभारी नारोपंत मागोमाग आले होते, ते म्हणाले, "अगं, सोपं आहे. उठताना पेटीला वाटेल तो पत्ता घेऊ दे. आठ वेगळे येतील. दहा मिनिटांचं काम."

"आणि दिवे जाऊन आले की, सर? पुन्हा नवा पत्ता. चौकीला वाटणार, तिसऱ्या पाळण्यातलं बाळ गेलं आणि कुणी दुसरंच आलं."

"मग काय करतेस?"

"खरा पत्ता का येत नाही ते बघते. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. चुकलं माझं."

मग बाई महालाच्या दारातच मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या आणि पेटी उठताना जे जे पुटपुटते ते ओळ ओळ वाचू लागल्या, आणि तेथे उमगले ऐसे की कर्नलातील तारेचा चाकर, ज्यास ड्रायव्हर म्हणती, तो आधी उठतो आणि चिपेस पत्ता विचारतो, परंतु ती अद्याप उठलेलीच नसते. चिप मुकी नव्हती, झोपेत होती. बाईंचे डोळे भरोन आले. निजल्या लेकरास नाव विचारावे आणि ते बोलत नाही म्हणोन शेजारच्याचे नाव त्यास द्यावे, ऐसे आपल्या हातून जाहले.

मग त्यांनी चाकरास नवी आज्ञा लिहिली की चिप निजली असेल तर मागे सरावे आणि पुन्हा यावे. पत्ता आला तरी तो खरा का, नुसती शून्ये तर नाहीत, हे पाहावे. आणि काहीच न मिळे तर गप्प न राहता मोठ्याने ओरडावे.

हा नवा कर्नल आठही पेट्यांत भरिला, आणि दोनास दहा मिनिटे कमी असता पडद्यावर आठ ओळी उभ्या राहिल्या. "थांबा," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचे आठही पेट्यांचे सामाईक बटण बंद करोन पुन्हा लाविले. आठही पेट्या आपापल्या नावाने परतल्या. इतक्यात तिसरी ओळ लाल जाहली, तिसरीच पेटी ओरडली, इंदुमतीबाईंनी टिचकी मारिली, आणि लेकरू रागावून रडले.

तेव्हा त्यांनी सकाळपासून आत असलेला हात बाहेर काढिला, बोटे मोकळी केली आणि म्हणाल्या, "आता मी चहा घेते."

वैदेहीबाईंनी घरी फोन केला, तो पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "अगं, खेळतेय ती. तू जेवलीस का?"

येणेप्रमाणे आठ लेकरांस आठ पत्ते मिळाले. कर्नलातून ती जुनी ओळ काढिली, तिचे जागी बाईंनी टीप लिहिली ती अद्याप आहे: "उठली नसेल तर थांबणे. उसने नाव देऊ नये." इति.