साथ देणाऱ्याची चौकशी

निरवांगीच्या गेणबांनी आपल्या मुलाचं, दिग्विजयचं स्थळ आणलं, तेव्हा सांगवीच्या बिरदेवतात्यांना मुलाच्या नोकरीचाच संशय आला.

"पियानो शिकवतो? मंजी पेटी?"

"पेटीच, पर म्हशीएवढी," गेणबा म्हणाले. "आधी गावच्या बँडमधी कॅसिओ वाजवायचा. मग मुंबईला जाऊन शिकला. आता पुण्यात विद्यापीठात शिकवतो, आन् गाणाऱ्यांना साथ देतो."

"गाणाऱ्यांना का गाणारणींना?"

गेणबांनी चहाचा घोट घेतला. "जास्त करून बायाच असत्यात."

तात्यांची बशी हवेतच थांबली. तात्या टोमॅटोचे बागायतदार. दुसऱ्याच्या क्रेटमध्येही तळापर्यंत हात घालून माल बघायची त्यांना सवय. एकुलती एक पोर, संस्कृती, ते असं वरवर बघून थोडीच देणार?

चौकशीत कळलं, की दिग्विजय दर शनिवारी बारामतीला येतो आणि मुक्ताबाई नावाच्या एका बाईसोबत हॉलमध्ये दार लावून बसतो.

शनिवारी तात्यांनी मोटारसायकल लांब लावली आणि हॉलच्या बंद दाराला कान लावला.

"तू मला सोडून पुढं का गेलास?" आतून बाईचा आवाज आला.

"मी थांबलो होतो. तुम्हीच आला नाहीत."

"अरे, लोकांसमोर माझी फजिती होईल!"

"होऊ देणार नाही. मी आहे ना तुमच्या पाठीशी!"

तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी दार धाडकन ढकललं. "व्वा रं पठ्ठ्या! हिची साथ करतोस आन् लगीन आमच्या पोरीशी?"

पियानोजवळ सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकलेल्या एक आजीबाई उभ्या होत्या, आणि मागे कोरसच्या मुलींच्या रांगा. त्यांनी चष्मा सावरला.

"दिग्विजय, हे गृहस्थ कोण? आणि माझं नाव तुझ्याशी का जोडतायत?"

दिग्विजय उठून उभा राहिला. हसू दाबत म्हणाला, "तालीम चाललीय, तात्या. बाईंची ओळ सुरू व्हायच्या आत माझा पियानो पुढं गेला, म्हणून रागावल्या. बसा ना."

तात्या खुर्चीच्या कडेवर टेकले. संशय अजून पुरता फिटला नव्हता. गाणं पुन्हा सुरू झालं. मध्येच मुक्ताबाई शब्द विसरल्या. दिग्विजयने न अडखळता तीच सुरावट पुन्हा वाजवली, बाईंना शब्द आठवेपर्यंत वाजवत राहिला, आणि त्या गाऊ लागल्या तसा पियानोचा आवाज हळूच खाली आणला. चूक झाली हे कुणाला कळलंही नसतं. तात्यांना कळलं, कारण ते चूक शोधायलाच आले होते.

"माणूस सांभाळून घेणारा दिसतोय," ते पुटपुटले.

एवढ्यात मागच्या कोरसच्या मुलींनी सूर लावला. शेवटच्या रांगेतल्या एकीने कागद अगदी नाकापर्यंत धरला होता. तात्या उठून गेले आणि त्यांनी कागद खाली केला.

एमआयडीसीतल्या डेअरीत कामावर असायला हवी होती, ती संस्कृती!

"तुजी ड्युटी?"

"शनिवारची बदलून घेतलीया, तात्या."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"मंग गेणबांना आपल्या घरी कुणी धाडलं?"

संस्कृतीने पियानोवाल्याकडे बघितलं. पियानोवाल्याने छताकडे बघितलं. मुक्ताबाईंना एकदम खोकला आला.

तात्या बाहेर आले. लांब लावलेल्या मोटारसायकलपाशी गेले. मग त्यांनी गेणबांना फोन लावला.

"काय तात्या, झाली का खात्री?"

"झाली. पोरगा सरळ हाय," तात्या म्हणाले. "पर गेणबा, तुमी आमच्या पोरीची तेवढी नीट चौकशी करून घ्या."