गव्हाणे हवालदारांचं तंबूतलं इस्पितळ

गव्हाणे हवालदारांकडे कुणीही दुखणं घेऊन गेलं, की ते आधी त्याच्या शर्टाच्या गुंडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. नाव, वेळ, कुठं दुखतंय. औषध त्यानंतर. एकदा आमचे मॅनेजर डोकेदुखीची गोळी घेऊन परत गेले आणि कोटाला 'चालता रुग्ण, धोका न्हाई' ही चिठ्ठी तशीच लटकत असताना तासभर पाहुण्यांशी बोलत बसले. त्यांना सांगायला कुणी धजावलं नाही.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात हवालदार मलमपट्टी करत, मी टाइम ऑफिसात कारकून. गाव त्यांचं चऱ्होली. महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, तंबूतल्या लष्करी इस्पितळात होते. युद्ध संपून दहा वर्षं होत आली, तरी ते इस्पितळ त्यांनी मोडलं नव्हतं. दवाखान्यात तीन बाकं होती: चालते, बसते आणि आडवे. बोट कापलेला कुणी चुकून तिसऱ्या बाकावर टेकला, तर म्हणत, "तुमी अजून तितवर पोचला न्हाई. उठा."

माझं अक्षर बरं, म्हणून त्यांनी मला धरलं. "बाबू, आमच्या युनिटचा इतिहास लिवायचा हाय. सरकार लिवंल ते तोफांचं लिवंल."

रोज जेवणाच्या सुट्टीत ते सांगत आणि मी वहीत उतरवून घेई. मला वाटलं होतं, धडाधड लढाया येतील. आल्या त्या चहाच्या किटल्या, औषधाच्या पेट्या वाहणारी खेचरं, धुऊन बांबूवर वाळत घातलेल्या पट्ट्या. एका आचाऱ्यानं घाईत कात्र्या उकळायच्या भांड्यातच बटाटे शिजवले आणि सर्जनसाहेबांनी ते मागून मागून खाल्ले, यावर अडीच पानं झाली.

"हवालदार, यात लढाई कुठंय?" मी शेवटी विचारलं.

"लढाई आमच्याकडं कवा आलीच न्हाई. तिथनं मानसं यायची."

एके दिवशी म्हणाले, "ह्ये पान कोरं सोडा." मी सोडलं. तीन-चार आठवड्यांनी आपणहून बोलले. एक कानडी शिपाई आला होता, पोटात गोळी लागलेला. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. तो मात्र यांचा हात धरून एकच म्हणत राहिला, "एम्मेगे नीरु कुडिसु."

"नीर म्हंजे पानी, येवढं कळतंय मला," हवालदार म्हणाले. "सकाळपासनं मागत व्हता. मी ओला बोळा ओठाला लावला, पानी न्हाई दिलं. दुपारी गेला. मागनं डॉक्टर म्हनले, दिलं असतं तरी गेलाच असता. मंग द्यायला काय हरकत व्हती, बाबू?"

लिहून घ्या, असं मात्र ते म्हणाले नाहीत. पान कोरंच राहिलं.

पुढं धारवाडकडचा एक फिटर कारखान्यात लागला, बसप्पा नावाचा. पहिल्याच महिन्यात हात भाजून दवाखान्यात आला. मी वही घेऊन तिथंच बसलो होतो. हवालदारांनी पट्टी बांधली, गाठ मारली, आणि त्याच्याकडे न बघता ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "ह्याचा अर्थ काय हो?"

बसप्पाला हसू आलं. "हे तर आमच्या घरचं बोलणं झालं. एम्मे म्हणजे म्हैस. म्हशीला पाणी पाज, म्हणतोय."

"सोताला न्हाई मागत?"

"नाही हो. शेतावरनं घरी आला की गडी बायकोला हाळी देऊन असं सांगतो."

हवालदार खुर्चीवर बसले. बराच वेळ बसप्पाचा पट्टी बांधलेला हात त्यांच्या हातातच होता. तोही बिचारा काढून घेईना.

"म्हंजे घरी पोचला व्हता त्यो," हवालदार हळूच म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडची वही ओढून घेतली, कोरं पान काढलं आणि पुन्हा माझ्यापुढं सरकवली. "लिवा. पानी मागितलं न्हवतं."

मी लिहिलं. टिपकागद शेजारीच होता. त्यांनी तो घेतला नाही. चष्मा कपाळावर सारून ते वहीवर वाकले आणि शाई वाळेपर्यंत त्या ओळीवर हळूहळू फुंकर घालत राहिले.